क्षयरोगाविरुद्धची मोहीम आणि गावोगावचा डॉक्टर

(खासगी वैद्यकीय व्यवसायी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



२४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयरोगाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले. ज्या व्याधीला या देशात राजयक्ष्मा म्हणत आणि जिचे नाव उच्चारताना घरातील माणसे आवाज खाली आणत, तिचे कारण त्या दिवशी जगाला कळले. त्यानंतर एकसष्ट वर्षांनी, १९४३ मध्ये, स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. १९५२ पासून आयसोनियाझिड उपलब्ध झाले आणि पुढे रिफॅम्पिसिन आले. आज सहा महिन्यांच्या नियमित औषधोपचाराने साधा क्षयरोग बरा होतो आणि ही औषधे शासनातर्फे मोफत मिळतात.

असे असूनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात भारतात सुमारे २८ लाख लोकांना क्षयरोग झाला. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक रुग्ण एकट्या भारतातील होते. रोगाचे कारण माहीत आहे, औषध माहीत आहे, औषधाला पैसे पडत नाहीत. तरीही रोग हटत नाही, याचा विचार करणे अगत्याचे आहे. दारिद्र्य, दाटीवाटीची वस्ती, कुपोषण ही कारणे आहेतच आणि ती मोठी आहेत. परंतु आणखी एक कारण असे आहे की, ते दूर करणे या सभेस जमलेल्या मंडळींच्या हाती आहे. शास्त्राला जे कळले आणि शासनाने जे ठरविले, ते रुग्णाचा खोकला ज्या डॉक्टरच्या कानी सर्वप्रथम पडतो त्याच्यापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, हे ते कारण होय.

रुग्णालयाकडून घराकडे

क्षयरोगाच्या उपचारातील सर्वांत मोठा बदल ज्या प्रयोगाने घडविला, तो प्रयोग भारतातच झाला. १९५० नंतरच्या दशकात क्षयरोग म्हणजे आरोग्यधाम असे समीकरण होते. रुग्णाने मोकळ्या हवेच्या ठिकाणी महिनोन् महिने पडून राहावे, सकस आहार घ्यावा आणि घरापासून दूर असावे, अशी पद्धत होती. लाखो रुग्णांच्या देशात खाटा मात्र काही हजार होत्या. श्रीमंताला खाट मिळे, गरिबाला प्रतीक्षायादी मिळे.

१९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून तेथे एक साधा प्रश्न हाती घेतला. गरीब वस्तीतील रुग्णाला घरीच ठेवून औषधे दिली तर तो आरोग्यधामातील रुग्णाइतकाच बरा होईल काय? काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवण्यात आले आणि काहींना त्यांच्या दाटीच्या घरांतच औषधे देण्यात आली. घरच्या रुग्णांना ना विश्रांती होती, ना सकस आहार. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतील बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. पुढील वर्षांच्या पाहणीत असेही दिसून आले की, रुग्ण घरी राहिल्यामुळे घरातील इतरांचा धोका विशेष वाढला नव्हता, कारण लागण प्रामुख्याने औषध सुरू होण्यापूर्वीच झालेली असते.

या निष्कर्षाने जगभरची पद्धत बदलली. त्याचा दुसरा अर्थ मात्र तितकासा ध्यानात घेतला गेला नाही. उपचाराची जागा घर ठरली म्हणजे उपचाराची जबाबदारीही रुग्णालयाच्या भिंतींबाहेर आली. ती गावच्या डॉक्टरवर, आरोग्यसेवकावर, शेजाऱ्यावर आणि पंचायतीवर आली. जे काम पूर्वी आरोग्यधामातील परिचारिका करीत असे, ते आता गावाने करावयाचे होते.

खोकल्याच्या बाटलीवर बोळवण

१९५९ मध्येच बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला. त्या काळी अनेक जाणकारांचा असा समज होता की, खेड्यातील माणूस अज्ञानी असल्याने तो आजार अंगावर काढतो आणि दवाखान्यात येतच नाही. म्हणून गावोगावी फिरत्या क्ष-किरण गाड्या पाठवून रुग्ण हुडकावे लागतील, असे त्यांना वाटे. बंगळूरच्या संस्थेतील बॅनर्जी आणि अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात पाहणी करून १९६३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि हा समज खोटा ठरविला. ज्यांच्या थुंकीत जंतू होते अशा रुग्णांपैकी सुमारे निम्मे लोक आपण होऊन कोणत्या ना कोणत्या दवाखान्यात जाऊन आले होते. तेथे त्यांची थुंकी कोणी तपासली नव्हती. बहुतेकांची खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर बोळवण झाली होती.

या पाहणीला साठ वर्षे होऊन गेली, परंतु तिचा धडा जुना झालेला नाही. रुग्ण दारात येतो. तो दोन आठवडे खोकत असतो, संध्याकाळी अंगात कसकस असते, वजन उतरलेले असते. दारात आलेल्या या माणसाला ओळखणे, हे मोहिमेतील पहिले आणि सर्वांत अवघड पाऊल आहे. पूर्वी तीन आठवड्यांचा खोकला ही संशयाची मर्यादा मानीत. २००९ मध्ये ती दोन आठवड्यांवर आणण्यात आली. सात दिवसांचा हा फरक कागदावर लहान दिसतो. पण एकाच खोलीत सहा माणसे झोपत असतील, तर त्या सात दिवसांचे मोल किती, हे सांगावयास नको.

शंभर डॉक्टर, ऐंशी प्रकारच्या चिठ्ठ्या

भारतातील आजारी माणूस पहिल्या प्रथम बहुधा खासगी डॉक्टरकडे जातो. तो डॉक्टर जवळ असतो, संध्याकाळीही भेटतो, ओळखीचा असतो. शासकीय कार्यक्रम आणि हा डॉक्टर ही दोन जगे मात्र अनेक वर्षे एकमेकांपासून अलग राहिली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबईच्या झोपडपट्टी भागातील सुमारे शंभर खासगी डॉक्टरांना क्षयरोगावर कोणते औषध देता, असे विचारण्यात आले. त्यांनी सुमारे ऐंशी निरनिराळ्या औषधयोजना लिहून दिल्या.

त्यानंतर बरेच काही घडले. १९९२ मध्ये जुन्या कार्यक्रमाचा आढावा घेण्यात आला, १९९३ पासून सुधारित कार्यक्रमाची चाचणी झाली, १९९७ पासून तो विस्तारू लागला आणि २००६ पर्यंत सर्व देशभर पोहोचला. रुग्णाच्या नावाची औषधपेटी, समोर बसवून दिलेली गोळी, सूक्ष्मदर्शकाखालील थुंकी तपासणी या गोष्टी प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुळल्या. पण २०१० मध्ये धारावीत असाच अभ्यास पुन्हा करण्यात आला, तेव्हा १०६ डॉक्टरांपैकी केवळ ६ जणांची चिठ्ठी निर्दोष आढळली आणि औषधयोजनांचे ६३ प्रकार दिसले. वीस वर्षांत कार्यक्रम बदलला, औषधे बदलली, केंद्रे वाढली. परंतु गल्लीतील दवाखान्यापर्यंत तो बदल पोहोचला नव्हता.

यात केवळ डॉक्टरांना दोष देणे न्याय्य होणार नाही. दिवसाला ऐंशी-शंभर रुग्ण पाहणाऱ्या व्यवसायीकडे औषध कंपनीचा प्रतिनिधी दर पंधरवड्याला येऊन जातो. आरोग्य खात्याचे परिपत्रक मात्र त्याच्याकडे येत नाही, आणि आले तर त्याची भाषा सामान्य माणसाला सोडाच, डॉक्टरलाही उलगडत नाही. नव्या माहितीची वाट जिकडून मोकळी असते, तिकडूनच ती येते. ती वाट खात्याच्या बाजूनेही मोकळी करणे, हा या मोहिमेचा गाभा आहे.

गेल्या काही वर्षांत काय बदलले

प्रत्येक व्यवसायीला ठाऊक असावेत असे बदल थोडक्यात सांगणे उपयुक्त होईल.

पहिला बदल निदानाचा. रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षयरोगाचे निदान करण्याच्या तपासण्यांवर केंद्र शासनाने जून २०१२ मध्ये बंदी घातली, कारण त्या विश्वासार्ह नव्हत्या. रोग नसलेल्याला त्या रुग्ण ठरवीत आणि रुग्णाला निरोगी ठरवीत. त्यांच्या जागी आता थुंकीतील जंतूचा जनुकीय अंश ओळखणारी तपासणी आली आहे. तिचे उत्तर काही तासांत मिळते आणि जंतू रिफॅम्पिसिनला दाद देतो की नाही, हेही तीवरून कळू शकते. यांपैकी ट्रूनॅट हे यंत्र गोव्यातील मोलबायो या कंपनीने विकसित केले आहे. ते आकाराने लहान असून बॅटरीवरही चालते, त्यामुळे तालुक्याच्या गावीच नव्हे तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही ते ठेवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्यास मान्यता दिली. सूक्ष्मदर्शक कालबाह्य झाला असे नाही; परंतु जेथे जनुकीय तपासणी उपलब्ध आहे, तेथे ती आधी करावी, अशी आजची दिशा आहे.

निदानासंबंधी आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. खोकला हटत नाही म्हणून लिव्होफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक किंवा स्टेरॉइड देऊन पाहण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. अशा औषधाने काही दिवस बरे वाटते, रोग दबून राहतो, निदान लांबते आणि पुढे उपयोगी पडावयाचे औषध आधीच बोथट होण्याचा धोका निर्माण होतो. क्षयरोग नाही याची खात्री होईपर्यंत ही औषधे टाळावीत, असे देशातील क्षयरोग उपचाराच्या मानकांत स्पष्ट सांगितले आहे.

दुसरा बदल मात्रेचा. पूर्वी शासकीय कार्यक्रमात आठवड्यातून तीन दिवस औषध देत. २०१७ पासून देशभर रोजच्या औषधाची पद्धत सुरू झाली. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे व पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे, रुग्णाच्या वजनानुसार, एकत्रित गोळ्यांच्या रूपाने दिली जातात. दोन महिन्यांत रुग्णाला बरे वाटू लागते, खोकला थांबतो, तोंडाला चव येते. नेमक्या याच टप्प्यावर तो औषध सोडतो. म्हणून तिसऱ्या महिन्यात त्याची विचारपूस करणे हे पहिल्या दिवशीच्या चिठ्ठीइतकेच महत्त्वाचे आहे.

तिसरा बदल औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाविषयी. अर्धवट उपचारातून असा क्षयरोग निर्माण होतो आणि मग त्याची लागण इतरांनाही होते. एके काळी अशा रुग्णाला वीस महिन्यांपर्यंत औषधे घ्यावी लागत, महिनोन् महिने इंजेक्शने घ्यावी लागत आणि त्यांपायी काहींची श्रवणशक्तीही जात असे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चार औषधांच्या सहा महिन्यांच्या योजनेला मान्यता दिली. सर्व औषधे तोंडाने घ्यावयाची आहेत. ही योजना तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच सुरू करावयाची असल्याने गावच्या डॉक्टरचे काम एवढेच आहे की, असा संशय येताच रुग्णाला जिल्हा क्षयरोग केंद्राकडे पाठवावे. पूर्वी वीस महिन्यांच्या भयाने जो रुग्ण पळून जाई, त्याला आता सहा महिन्यांचा धीर देता येतो.

चौथा बदल घरातील इतर माणसांविषयी. पूर्वी प्रतिबंधक औषध प्रामुख्याने रुग्णाच्या घरातील लहान मुलांना आणि एचआयव्हीबाधित व्यक्तींना दिले जाई. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुप्फुसाच्या क्षयरोगाच्या रुग्णाबरोबर राहणाऱ्या सर्व वयाच्या व्यक्ती त्यात आल्या. त्यांना रोग झालेला नाही याची खात्री करून मगच हे औषध द्यावयाचे असते. सहा महिने रोज आयसोनियाझिड किंवा तीन महिने आठवड्यातून एकदा आयसोनियाझिड व रिफापेंटिन, असे पर्याय त्यासाठी आहेत. रुग्णाची चिठ्ठी लिहिताना घरात कोण कोण आहे, एवढा एक प्रश्न विचारला, तरी अर्धे काम होते.

नोंद कशासाठी?

७ मे २०१२ रोजी केंद्र शासनाने क्षयरोग हा नोंद करणे बंधनकारक असलेला रोग ठरविला. त्याच वर्षी नि-क्षय ही संगणकीय नोंदप्रणाली सुरू झाली. १ मार्च २०१४ पासून क्षयरोगाची औषधे विशेष अनुसूचीत आली. ती विकताना औषधविक्रेत्याने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव आणि औषधाचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावयाची असते. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने नोंद न करणे हे भारतीय दंड संहितेच्या २६९ व २७० या कलमांखाली कारवाईस पात्र ठरले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून तिच्यात तत्सम तरतुदी २७१ व २७२ या कलमांत आहेत.

कायदा आवश्यक आहे, पण केवळ धाकाने नोंद होत नाही. डॉक्टरांच्या मनातील शंका खऱ्या आहेत. रुग्णाचे नाव सरकारी यादीत गेले तर तो आपल्याकडे पुन्हा येणार नाही, अशी एक भीती असते. घरी आरोग्यसेवक आला तर आळीत बभ्रा होईल, मुलीचे लग्न अडेल, अशी रुग्णाच्या घरच्यांची विनवणी असते. या शंकांचे उत्तर कामाच्या पद्धतीतूनच द्यावे लागते. २०१४ पासून मुंबई, पाटणा आणि गुजरातमधील मेहसाणा येथे तसा प्रयत्न झाला. रुग्ण आपल्या डॉक्टरकडेच राहिला, औषधे त्याला नेहमीच्या दुकानातून विनामूल्य मिळाली आणि नोंदीचे व पाठपुराव्याचे काम मधल्या यंत्रणेने उचलले. नोंदी झपाट्याने वाढल्या. देशभर पाहिले तर २०१३ मध्ये खासगी क्षेत्रातून सुमारे ३८ हजार रुग्णांची नोंद झाली होती; २०२३ मध्ये हा आकडा आठ लाखांवर गेला आणि एकूण सुमारे साडेपंचवीस लाख नोंदींपैकी जवळजवळ एक-तृतीयांश खासगी क्षेत्रातून आल्या. डॉक्टरला विश्वासात घेतले की तो मागे राहत नाही, हे यावरून दिसून येते.

नोंदीचा खरा लाभ कोणाला, हे समजण्यासाठी बीड जिल्ह्यातील एखाद्या ऊसतोड मजुराचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन तो बायकोसह सांगली किंवा कोल्हापूरकडे जातो. फडाजवळच्या कोपीत राहतो. पौषाच्या थंडीत त्याला खोकला सुरू होतो. एक दिवस बसला तर खाडा पडतो, म्हणून तो रात्री जवळच्या बाजारगावातील डॉक्टरकडे जातो. डॉक्टरने थुंकी तपासायला सांगितली, निदान झाले, औषध सुरू झाले. पण हंगाम संपताच टोळी परतते. सहा महिन्यांचा उपचार जेमतेम निम्म्यावर आलेला असतो. त्याच्या नावाची नोंद नसेल तर बीडमध्ये त्याचा पत्ता कोणालाच लागत नाही. गोळ्या संपतात, बरे वाटत असते, उपचार तेथेच थांबतो. पुढच्या हंगामात तोच खोकला औषधांना न जुमानणाऱ्या रूपात परत येतो, आणि या वेळी कोपीत त्याच्याजवळ त्याचे मूल झोपलेले असते. नोंद झालेली असेल तर त्याचा नि-क्षय क्रमांक त्याच्याबरोबर गावी जातो. तेथील आरोग्य कर्मचाऱ्याला तो कोण, कोणते औषध, कितवा महिना हे सर्व कळते आणि पुढची गोळी त्याला त्याच्या गावात मिळते. नोंद म्हणजे रुग्णाची चहाडी, ही समजूत अशा उदाहरणांनी दूर व्हावयास हवी.

औषधाबरोबर अन्न

मद्रासच्या प्रयोगाने सकस आहाराशिवायही औषध काम करते, हे दाखविले होते. याचा अर्थ अन्न गौण आहे असा काहींनी घेतला. हा समज दूर करणारा मोठा अभ्यास झारखंडमधील चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात झाला. क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना तांदूळ व डाळ यांचा शिधा दरमहा देण्यात आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी आणि संसर्गजन्य क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी कमी आढळले. डाळ-तांदळाने रोगाला इतका अटकाव होतो, ही गोष्ट शाळेच्या वर्गात आणि ग्रामसभेत आवर्जून सांगण्यासारखी आहे.

रुग्णाच्या आहारासाठी १ एप्रिल २०१८ पासून नि-क्षय पोषण योजनेखाली उपचार चालू असेतोवर दरमहा ५०० रुपये थेट बँक खात्यात जमा होऊ लागले. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम दरमहा १००० रुपये झाली. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्या रुग्णालाही ती मिळते, मात्र त्याची नोंद झालेली असली पाहिजे. ज्या डॉक्टरने नोंद केली नाही, त्याने नकळत आपल्याच रुग्णाच्या ताटातील घास काढून घेतला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

पंचायत आणि शाळा

२४ मार्च २०२३ रोजी क्षयरोगमुक्त पंचायत उपक्रमाचा आरंभ झाला. त्याचे निकष पंचायत सदस्यांनी नीट समजून घ्यावेत. वर्षभरात दर हजार लोकसंख्येमागे किमान तीस संशयितांची तपासणी झालेली असावी, हजारी एकाहून अधिक रुग्ण नसावा, उपचार यशस्वी होण्याचे प्रमाण किमान ८५ टक्के असावे, किमान ६० टक्के रुग्णांच्या जंतूंची औषधांना दाद देण्याविषयीची तपासणी झालेली असावी आणि पोषण योजनेचा लाभ व आहाराची मदत प्रत्येक पात्र रुग्णापर्यंत पोहोचलेली असावी. पात्र पंचायतीला पहिल्या वर्षी ब्राँझ, सलग दुसऱ्या वर्षी रौप्य आणि सलग तिसऱ्या वर्षी सुवर्ण वर्णाचा महात्मा गांधींचा पुतळा देण्यात येतो.

या निकषांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. तपासणी आधी आहे, रुग्णसंख्या नंतर. रुग्ण शोधलेच नाहीत म्हणून ज्या गावात रुग्ण नाहीत, ते गाव क्षयरोगमुक्त ठरत नाही. सन्मानाच्या ओढीने रुग्ण दडविणारी पंचायत स्वतःच्याच गावाचा घात करील. गावातील खासगी डॉक्टर, औषधविक्रेता, आशा कार्यकर्ती आणि शिक्षक यांना दर दोन महिन्यांनी एकत्र बसविणे, परगावी कामाला जाणाऱ्यांची यादी ठेवणे, ते परतले की त्यांची चौकशी करणे, रुग्णाच्या घराला शिधा मिळतो की नाही हे पाहणे, ही कामे पंचायतीला सहज करता येतील आणि त्यांना फारसा खर्चही येत नाही. शिक्षकांनी मुलांना एवढे सांगावे की, घरात कोणी दोन आठवड्यांहून अधिक खोकत असेल तर ती लपविण्याची गोष्ट नव्हे. मुलांमार्फत घरात गेलेला शब्द बहुधा ऐकला जातो.

समारोप

२०२५ पर्यंत क्षयरोगाचे प्रमाण २०१५ च्या तुलनेत ८० टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट देशाने ठेवले होते. २०१५ मध्ये लाखामागे २३७ असलेले हे प्रमाण २०२४ मध्ये १८७ पर्यंत, म्हणजे सुमारे २१ टक्क्यांनी खाली आले. जगाच्या सरासरीपेक्षा ही घट अधिक आहे आणि तिचे श्रेय हजारो आरोग्य कर्मचाऱ्यांना आहे. पण उद्दिष्ट आणि प्रत्यक्ष यांत मोठे अंतर राहिले, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. हे अंतर भरून काढण्यासाठी नवी यंत्रे आणि नवी औषधे लागतीलच. त्यांच्या इतकीच गरज आहे ती प्रत्येक नवा नियम, नवी मात्रा आणि नवी तपासणी तालुक्यातील शेवटच्या दवाखान्यात वेळेवर पोहोचविण्याची. जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याने दर तिमाहीस सोप्या मराठीत एक पानाचे पत्रक काढावे, ते टपालात न टाकता कर्मचाऱ्याने स्वतः डॉक्टरच्या हाती द्यावे, आणि डॉक्टरनेही अडचण आल्यास १८००-११-६६६६ या निःशुल्क क्रमांकावर विचारून घेण्यात कमीपणा मानू नये.

तुमकूरच्या त्या रुग्णांनी आपले काम केले होते. त्यांना बरे वाटत नव्हते, म्हणून ते दवाखान्यात गेले होते. पुढचे काम दवाखान्याचे होते. आज रात्रीही कोठेतरी एखादा मजूर दिवसभराची मोळी टाकून, खोकत, बाजारपेठेतील दवाखान्याची पायरी चढत असेल. त्याच्या हाती बाटली पडते की थुंकीच्या तपासणीसाठी डबी, यावर त्याचे, त्याच्या घराचे आणि पुष्कळ अंशी या मोहिमेचे भवितव्य अवलंबून आहे.